थरथर-कुलुपाची दुसरी किल्ली

तुमचा विश्वास बसणार नाही. बसला तर मलाच वाईट वाटेल, कारण मग माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं असं होईल. पन्नास वर्षं मी, रंगनाथ तांबट, या मिरजेत किल्ल्या करतोय. तिजोरीची किल्ली नुसती खडखड ऐकून केली आहे. सर्कशीतल्या पिंजऱ्याचं कुलूप, सिंह आत असताना आणि मीही आतच असताना, सुपारी कातरायच्या अडकित्त्यानं उघडलं आहे. सिंहानं नंतर सुपारीही खाल्ली. पण नऊ वर्षांच्या एका जुन्या गाडीला मी दुसरी किल्ली कशी करून दिली ते ऐकलंत, तर सिंह विसरून जाल.

तुमच्या किल्ल्यांना अजून अर्धा तास आहे. बसा की बाकावर. मागे कोथिंबीर निवडत बसल्यात त्या आमच्या घरातल्या. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलेली आहे, त्यामुळे त्या मध्ये बोलणार नाहीत. बोलल्याच, तर तुम्ही लक्ष देऊ नका.

आधी कुलूप समजून घ्या. हात असा समोर धरा. स्थिर आहे? नाही. कुणाचाच नसतो. स्नायू सतत बारीक बारीक ओढ घेत असतात, सेकंदाला आठ-दहा वेळा. डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइल आडवा केला की चित्र आडवं करणारी जी टिकली असते ना, तिला ते कळतं. हाताची लांबी, हाडाचं वजन, नसांची चाल, या सगळ्यांतून ती थरथर तयार होते, आणि दोन माणसांची सारखी नसते. वयानं जोर कमी-जास्त होतो, मूळ चाल तीच राहते. हे शोधणाऱ्यांनी त्याचं दवाखान्यासाठी यंत्र केलं आणि मोटारवाल्यांनी कुलूप. नाव त्यांनी मोठं इंग्रजी ठेवलं होतं. मिरजेनं त्याला थरथर-कुलूप म्हणायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत कंपनीची माणसंही तेच म्हणायला लागली.

किल्ली म्हणजे एक चपटी वडी. कुणाच्याही हातात द्या, गाडी चालू होणार. पण नवी किल्ली जन्माला घालायची असेल तर मात्र पहिला हात लागतो. गाडी ताब्यात घेताना पाकीट फोडलं, की पुढची अकरा मिनिटं ती वडी ज्या हाताची थरथर ऐकेल, तो पहिला हात. ती थरथर गाडीच्या मेंदूत कायमची लिहिली जाते. लिहिताना आत केसाहून बारीक तारा जळतात. जळलेली तार पुन्हा जोडता येत नाही, म्हणून ते पुसताही येत नाही. चोराला नाही, कंपनीला नाही, मलाही नाही. पुढे कधी दुसरी किल्ली हवी झाली तर पहिल्या हातानं जुनी आणि कोरी अशा दोन्ही किल्ल्या एकत्र धरायच्या. गाडी हात ओळखते आणि कोरीला आपली म्हणते.

याचे परिणाम काय झाले ते तुम्ही लहान होतात म्हणून तुम्हांला आठवत नसतील. टाकळीत एक म्हातारा होता, सहा मुलगे, सहा गाड्या, आणि सगळ्या गाड्यांवर पहिला हात म्हाताऱ्याचा. त्याआधी त्याला पाण्याचा तांब्याही कुणी देत नव्हतं. मग सहा सुना बदाम सोलून भरवायला लागल्या. हात कापरा व्हायला नको म्हणून चहा बंद, तंबाखू बंद, थंडीत उजव्या हाताला एकट्याला स्वेटर. लग्नाच्या बैठकीत विचारायचे, ‘गाडी आहे ते कळलं, पण हात कुणाचा?’ आणि घटस्फोटात पोरं कुणाकडे हे अर्ध्या तासात ठरायचं, पहिल्या हातावर मात्र तीन-तीन तारखा पडायच्या.

तर अशा दिवसांत एका मंगळवारी ईश्वरी बेळंके माझ्या दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवायला लागली. खाली उतरायला तिला वेळ लागतो. लहानपणी बसच्या अपघातात डावा पाय अधू झालेला. पण पोरगी अशी, की गाडीचे ब्रेक आणि वेग दोन्ही हातानं चालतील असे दांडे तिनं स्वतः कागदावर काढून बसवून घेतले होते. मागची सीट काढून तिथं तंबोरे उभे राहतील अशी घडवंची केली होती. तंबोऱ्याची जवारी लावणं हा तिचा धंदा. तारेखालची घोडी घासून घासून स्वर गोल करायचा. तीस गावांतली भजनी मंडळं आणि गाण्याचे क्लास तिची वाट बघायचे.

“तात्या,” ती म्हणाली, “किल्ली मरायला टेकलीय.”

किल्लीवर आकडा दिसत होता, अठ्ठावीस. आतली बॅटरी सीलबंद. अठ्ठावीस वेळा गाडी चालू होणार आणि मग संपलं. ते मॉडेलही बंद झालेलं. दुसरी किल्ली नसेल तर ती गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट.

“मग आता?”

“शनिवारी दादा येतोय पुण्याहून. त्याला मी शब्द दिलाय. शनिवारपर्यंत दुसरी किल्ली झाली तर ठीक, नाहीतर गाडी इथं सोडायची आणि मी त्याच्याकडे राहायला जायचं. वाटेत कुठं बंद पडलीस तर कोण आहे तुला, म्हणतो.”

“आणि तू हो म्हणालीस?”

“म्हटलं, दुसरी किल्ली काय, एका दिवसाचं काम. हो म्हणून बसले.”

आता ही गाडी तिनं दोन वर्षांपूर्वी गावातल्याच एका गृहस्थाकडून घेतलेली. त्याचं नाव मी सांगत नाही. माणूस जिवंत आहे, मिशा आहेत, आणि गावात थोडीफार इज्जत आहे. विकताना त्यानं ऐटीत सांगितलं होतं, ‘किल्लीची काळजी नको, पहिला हात माझा आहे, हाक मारलीस की येतो.’

बोलावला. आला. खुर्चीत बसून दोन्ही किल्ल्या मुठीत धरल्या, डोळे मिटले, श्वास रोखला. गाडीनं उत्तर दिलं, चौदा टक्के. नव्वद लागतात. पुन्हा धरल्या, बारा टक्के. प्रत्येक खटपटीला किल्लीवरचा आकडा एकानं उतरत होता. उपाशीपोटी केलं, जेवून केलं, तासभर पाण्यात हात बुडवून केलं. बुधवारी तर त्याच्या शेजारच्या केळेवाल्यानं सहज किल्ल्या धरल्या आणि त्याचे सतरा टक्के आले. गृहस्थाचा चेहरा बघवत नव्हता. सात वर्षं ज्या गाडीवर मालक म्हणून मिरवला, ती गाडी केळेवाल्याला त्याच्यापेक्षा जास्त ओळखत होती.

गुरुवारी मी किल्ली भिंगाखाली धरली. सुईनं खाचेतला मळ काढता काढता एक तांदळाचा कण बाहेर आला. अर्धा तुटका आणि लालसर. मी तो तळहातावर घेतला.

ईश्वरी वाकून बघत होती. म्हणाली, “तात्या, या अक्षता आहेत. किल्ली हातात नव्हतीच. तबकात होती.”

मी तेच म्हणणार होतो. तोंड उघडलंच होतं.

सगळं डोळ्यांसमोर आलं. म्हणजे, मला तसं दिसलं, मी काही तिथं नव्हतो. कंपनीनं ज्या देशात ते कुलूप केलं तिथं माणूस पाकीट फोडतो, किल्ली मुठीत घेतो आणि गाडीत बसतो. आमच्याकडे नवी गाडी आली की तिच्यात लगेच बसतं कोण? पाकीट फोडलं आणि किल्ली सरळ तबकात ठेवली, सुपारी आणि निरांजनाच्या शेजारी. बायकोनं ते तबक डाव्या हातावर तोललं, उजव्या हातानं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांना कुंकू लावलं, मग दोन्ही हातांनी ओवाळलं. अकरा मिनिटं सहज. तिची थरथर पितळेतून किल्लीत गेली आणि तारा जळल्या. शोरूमचा माणूस हे बघत होता, पण त्याचं लक्ष पेढ्यांकडे. गृहस्थाला किल्ली मिळाली ती बाराव्या मिनिटाला.

“काकी कुठे असतात आता?” ईश्वरीनं विचारलं.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. त्या बाईंनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, त्या गाडीची दुसरी किल्ली. ‘मी पण चालवीन,’ म्हणाल्या. गृहस्थ चारचौघांत हसला. ‘गाडीला हात एकच असावा,’ म्हणाला. पुन्हा मागितली, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा त्यांनी मागितली नाही. बॅग भरली आणि कुरुंदवाडला बहिणीकडे गेल्या. त्याला चार वर्षं झाली होती. रिकाम्या घरापुढची गाडी बघवेना म्हणून गृहस्थानं ती विकून टाकली. कुरुंदवाडला जाऊन बाईंनी काय करावं? गाडी शिकल्या आणि बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. मी गेलो तेव्हा त्यांच्या हाताखालून दोनशे बायका शिकून गेल्या होत्या.

मागून ‘दोनशे साठ’ असं काही ऐकू आलं का तुम्हांला? रस्त्यावरचं असेल. गाड्या फार झाल्यात.

शुक्रवारी सकाळी ईश्वरी आणि मी निघालो. गृहस्थ? तोही होता. आसपासच होता. मागे तंबोऱ्यांत बसला होता म्हणा. किल्लीवर आकडा होता पाच.

बाई अंगणात एका पोरीला गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या. आम्हांला बघून त्यांनी ‘या’ही म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. ईश्वरीनं गाडीतूनच सगळं सांगितलं. बाईंनी पदर खोचला.

“त्या माणसाच्या गाडीला मी ओवाळू? एकदा ओवाळलं तेवढं बास झालं. गावभर लोकांना किल्ल्या वाटत हिंडायचं आणि घरात मागितली तर दात काढायचे! चार वर्षांत एक फोन नाही, ‘जेवलीस का’ एवढं विचारलं नाही!”

हे त्या माझ्याकडे बघून का बोलत होत्या ते मला कळलं नाही. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. कुणीतरी घ्यायला हवंच होतं.

“काकी,” ईश्वरी म्हणाली, “गाडी त्यांची नाही आता. माझी आहे.”

बाई जवळ आल्या. खिडकीतून हातानं चालायचे दांडे बघितले. दार उघडलं. “सरक बघू तिकडं,” म्हणाल्या आणि आत बसल्या.

“चढावर थांबलीस तर कशी धरतेस?”

“डावा दांडा खाली, उजवा अर्धा. असा.”

“मागे जात नाही?”

“बोटभर जाते.”

“बोटभर आमच्या दोन पायांनीबी जाते गं.” बाईंनी दांडा दोनदा वर-खाली केला. “कुणी करून दिलं हे?”

“मी काढून दिलं, मिरजेत लोहाराकडून करून घेतलं.”

“आणि उद्या दुसरी किल्ली नसली तर हे सगळं सोडून भावाकडं जाणार तू?”

“शब्द दिलाय, काकी.”

बाईंनी दांडा सोडून हात पुढे केला. मग म्हणाल्या, “दुसऱ्या किल्लीपायी एका बाईनं घर सोडलं तेवढं पुरे. आण त्या किल्ल्या.”

हातात धरल्या. गाडी बोलली, एकसष्ट टक्के! मी उडीच मारली. माझी कॉलर कौलाला लागली, तिथं अजून डाग आहे. पण एकसष्ट म्हणजे नव्वद नव्हे. हात बरोबर, तरी उत्तर चूक. आकडा चार.

मी विचारात पडलो. ईश्वरी मात्र मागच्या तंबोऱ्याच्या घोडीवर हलकं बोट ठेवून तार छेडत होती. बोट ठेवलं की नाद वेगळा, उचललं की वेगळा.

“वजन!” ती ओरडली. “तात्या, घोडीवर नुसतं बोट ठेवलं तरी जवारी बदलते. हातात वजन असलं की हाताची थरथरही संथ होणार. गाडीनं नुसता हात ऐकलेलाच नाही. तबक धरलेला हात ऐकलाय. तेच तबक पाहिजे, तेवढंच भरलेलं.”

मी तेच म्हणणार होतो.

“ते तबक माझ्या आईनं दिलेलं,” बाई म्हणाल्या. “मिरजेतच राहिलंय. असेल तर.”

होतं. गृहस्थानं ते चार वर्षं कसल्याशा किरकोळ लोखंडी सामानासाठी वापरायला काढलं होतं, कोऱ्या किल्ल्या, स्प्रिंगा, कानशीचा भुगा, असलं काहीतरी. बाईंना मी वाटेत ते सांगितलं नाही. त्या आमच्या गाडीत बसल्याच नाहीत म्हणा. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी काढली आणि आमच्या पुढे गेल्या. अर्जुनवाडच्या पुलाअलीकडे दोन ट्रक, एक उसाची ट्रॉली आणि एक आमदार त्यांनी असे मागे टाकले, की आमदारानं खाली उतरून नमस्कार केला.

तबक बघून त्या काय बोलल्या ते मी इथं सांगत नाही, आता दुकानात बाहेरची माणसं बसली आहेत. अर्धा तास त्यांनी चिंचेनं घासलं. मग त्यात जुनी आणि कोरी किल्ली, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी. अंगठी त्यांच्या बोटात नव्हती. पर्समधून काढली. गृहस्थ तेव्हा भिंतीकडे तोंड करून काहीतरी शोधत होता.

एवढ्यात माझ्या दुकानाच्या दारात रिक्षा थांबली. ईश्वरीचा भाऊ! शनिवारचा माणूस शुक्रवारीच आला.

“अगं, काय चाललंय हे? जुन्या गाडीची पूजा?” तो म्हणाला. “चल ईशू, सामान भर. किल्ली झाली नाही ना?”

“होतेय,” ईश्वरी म्हणाली. “दादा, बाजूला हो, ओवाळायला जागा दे.”

दोन खटपटी निरांजन विझल्यानं फुकट गेल्या. भाऊ घड्याळ बघत होता. किल्लीवर आकडा एक. हा गेला की सगळं गेलं. आमच्या स्टेशन रोडवरची सगळी दुकानं रस्त्यावर आली होती. केळेवाला सर्वांत पुढे, त्याला आपले सतरा टक्के सांगायचे होते. बाईंनी तबक डाव्या हातावर घेतलं, नऊ वर्षांपूर्वी घेतलं होतं तसं. बॉनेटवर बोटानं स्वस्तिक काढलं. एकेका चाकापाशी गेल्या, वाकल्या, कुंकू लावलं. ईश्वरी स्टिअरिंग धरून आत बसलेली, ओठ दाबलेले. बाई समोर आल्या. दोन्ही हातांनी तबक उचललं. एक फेरी. दुसरी. तिसरी.

गाडी बोलली!

नव्वद? छे. एकशे चार टक्के! दिवे लागले, काचा खाली आल्या, वायपर सलाम ठोकायला लागले. हॉर्न वाजला तो थेट काळी चारच्या षड्जात, तंबोऱ्यांच्याच स्वरात. त्या नादानं मागचे तंबोरे आपोआप झणाणले, आणि ते ऐकून मिरजेतल्या घराघरांतले, दुकानादुकानांतले, खुंटीला टांगलेले तंबोरे झणाणले. म्हैसाळपर्यंत माणसं घराबाहेर आली. तबकातली कोरी किल्ली हिरवी झाली. नऊ वर्षांसाठी ताजी, कोरी करकरीत, आमच्या ईश्वरीची दुसरी किल्ली!

ईश्वरी रडली नाही. गाडी चालू करून तिनं भावाला सांगितलं, “बस मागं. तंबोरे धर. संध्याकाळी नांद्र्याला भजन आहे, साडेसहाला पोचायचंय.” आणि तो पुण्याचा माणूस, दोन तंबोरे दोन काखेत घेऊन, नांद्र्यापर्यंत गेला. परतताना त्याला त्यातला एक वाजवता येत होता.

पण जायच्या आधी तिनं आणखी एक केलं. माझ्याकडून एक कोरी किल्ली मागून घेतली, तबकात ठेवली आणि म्हणाली, “काकी, एकदा अजून.” पहिल्याच फेरीत ती हिरवी झाली. ईश्वरीनं ती बाईंच्या हातात दिली. “ही तुमच्याकडे राहू दे. पहिला हात तुमचा आहे. कधीही या, कधीही गाडी न्या.”

बाईंनी मूठ मिटली. दोनदा मागूनही ज्या गाडीची किल्ली मिळाली नाही, त्या गाडीवर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हातच नव्हता. हे सगळ्या स्टेशन रोडनं बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. गृहस्थानंही वाजवल्या. सर्वांत जोरात त्यानंच वाजवल्या, हे मी शपथेवर सांगतो.

गर्दी पांगली तेव्हा मीच मध्यस्थी केली. हात जोडून बाईंना म्हणालो, “वहिनी, झालं गेलं विसरा. तो गृहस्थ मूर्ख आहे, पण मनानं चांगला आहे. त्याला माफ करा.” आणि त्या लगेच म्हणाल्या, “केलं.”

“खोटं!”

ऐकू नका, ऐकू नका, मी म्हटलं होतं ना तुम्हांला...

“साफ खोटं! अहो, स्वतःच्या बायकोला वहिनी कोण म्हणतं? आणि माफ केलं असं मी अजून म्हटलेलं नाही. राहायला आले, एवढंच. उठा आता. ईश्वरीनं दारातली तिची गाडी घेऊन बोलावलंय. किल्ली माझ्याकडं आहे, मी चालवते. तुम्ही मागं बसा आणि तंबोरे धरा.”